अप्पांना विचारून येते

सिंधुबाईंनी महामायाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दिसलीच नाही. अर्धापूरहून लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नांदेडच्या त्या साडीच्या दुकानात इतकी माणसं आली होती, की गावाच्या राखणीला केळीच्या बागाच तेवढ्या उरल्या असाव्यात. गादीवर छताला भिडलेला साड्यांचा ढीग, आणि तो ढीग बोलत होता, "ताई, ही बी बघून घ्या."

ढिगामागं महामाया होती. पन्नाशीला आलेली, उभं राहून राहून गुडघे गेलेली. साडी दाखवणं आणि घडी घालणं तिचं काम. काही बदलून द्यायचं झालं, की ती म्हणायची, "अप्पांना विचारून येते," आणि जिना चढायची. मालक संगमेश्वरअप्पा वर लोडाला टेकून विचार करत. त्या विचारांचं घोरणं खालपर्यंत ऐकू येई.

"बाई, तुझ्या हातात काय हाय का न्हाई?" गिऱ्हाईक विचारायचं.

"घडी हाय," महामाया म्हणायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी सिंधुबाई एकट्याच आल्या, तोंड उतरलेलं. साखरपुड्यात त्यांनी विहिणीला इथूनच घेतलेली मानाची साडी हौसेनं फॉल लावून दिली, आणि नेमकी तसलीच साडी नेसून नवरीची चुलत आत्या समोरून मिरवत आली. विहिणीनं साडी परत पाठवली. म्हणाली, मांडवात पाय ठेवणार न्हाई.

फॉल लावलेली साडी परत घेत नाहीत, हे दुकानाच्या भिंतीवरच लिहिलेलं. अप्पा देवणीला सोयऱ्यांकडं गेलेले, फोन बंद.

महामाया सवयीनं जिन्यापर्यंत गेली आणि थांबली. नोकरी गेली तर या गुडघ्यांची बाई कोण ठेवणार? मग ती वळली.

"ताई, दुसरी निवडा. देते बदलून."

"कुणाला विचारलंस?"

"गुडघ्याला."

दुसऱ्या दिवशी अप्पा आले.

"फॉलची साडी घेतलीस? कुणाला विचारून?"

"विचारायला वर कुणी नव्हतं, अप्पा."

अप्पा जांभई देत जिन्याकडं वळले. "मग आता विचारूच नको. उगं झोपमोड करून राहिलीस रोज."

चार महिने महामाया स्वतःच साड्या बदलून देत होती. गुडघे दुखायचेच, पण घरी जाताना ती रिक्षावाल्याशीसुद्धा रुबाबात बोलायची.

दिवाळीला दुकानात कॉम्प्युटर आला. आता साडी बदलायची तर ओटीपी लागतो. तो अप्पांच्या मोबाइलवर येतो. अप्पा वर असतात.