बाराव्या मजल्यावरचा अंगठा

उलव्यात आमची भातशेती होती. आता त्याच जमिनीवरच्या टॉवरमध्ये मी बाराव्या मजल्यावर एकटा राहतो. गेल्या वर्षी सोसायटीतल्या कामवाल्या बायका पगारवाढीसाठी गेटवर धरणं धरून बसल्या. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘माजल्यात साल्या.’ त्या मेसेजला मीही अंगठा दिला. मूर्ख कुठला! नंतर बाल्कनीतून खाली पाहिलं, तर बायकांत माझी चुलत बहीण बसलेली.

आमच्या गावात दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग काय भांडायचं ते भांडतात. मी आईची कळशी भरून खाली गेलो आणि तिच्यापुढे पेला धरला.

“आमी आनलाय पानी,” ती म्हणाली. “तुजा अंगठा मॅडमनी मना सकालीच दाखवला.”

भरलेली कळशी घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो.