बिनमागाचं गोल कापड

मी घर सोडलं तेव्हा बाबा मागावर बसले होते. मागाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेला माणूस. वर दिसत होते फक्त छाती, हात आणि राग. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाया पडायला वाकलो तर पाय खाली खड्ड्यात, म्हणून मागाच्या लाकडालाच हात लावून नमस्कार केला. लाकडानं आशीर्वाद दिला की नाही कळलं नाही. बाबांनी दिला नाही, हे पक्कं आठवतं.

माय दारापर्यंत आली. तिनं एका फडक्यात धोट्यातल्या कांड्यांवर उरलेला धागा बांधून दिला. आमच्या घरात रंग घरीच चढायचा, आणि एकदा जमलेला रंग पुन्हा हुबेहूब तसा कधी जमत नाही. त्यामुळे एका साडीचा उरलेला धागा दुसरीला चालत नसे. तो असाच साठायचा. "ने गा, बांधाबिंधायले होईल," माय म्हणाली. डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढलाही, कारण शेजारीण बघत होती.

तुम्ही म्हणाल, एवढा सोहळा कशाला? सातासमुद्रापार निघाला होता का? नाही. मी कोराडीला निघालो होतो. पूर्व नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यातून बसनं तासाभराचा रस्ता. वीजकेंद्रात नोकरी लागली होती आणि क्वार्टर मिळणार होतं. पण बाबांच्या लेखी मागावरून उठलेला थोरला पोरगा आणि मेलेला पोरगा यांत फार फरक नव्हता. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. सणावारी घरी गेलो की माझ्यासमोरच मायला म्हणायचे, "इचार त्याले, जेवून राहिला का जाऊन राहिला?" मी मायला सांगायचो, माय त्यांना सांगायची. तिघंही एकाच चटईवर. अशी दोन वर्षं गेली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून बोलावं, भले शिवी का देईनात, एवढीच माझी इच्छा होती.

कोराडीत मी पहिले काही महिने तोंड वासूनच फिरलो. वीजकेंद्राची ती चिमणी! खाली उभं राहून टोक बघायला गेलो तर ढगांबरोबर तीच सरकतेय असं वाटून मी चक्क बाजूला झालो. सोबतचे फिटर हसले. कोळसा आत जातो, वीज बाहेर येते आणि मधे जे काही होतं त्यात माझाही एक पाना फिरतो, ह्याचं मला इतकं नवल होतं की पगार मिळतो याचं जरा ओशाळंच वाटे.

पण खरं नवल घरी व्हायचं होतं.

सुमनला, म्हणजे बायकोला, आणल्यावर मी पहिली खरेदी केली ती टेबलाची. साहेबाकडे असतं तसं, वर सनमायका. खोलीत टेबल ठेवल्यावर आम्हाला भिंतीला घासून चालावं लागे, पण मी खूश होतो. चहाचे गरम पेले ठेवून त्यावर आठ दिवसांत पांढरी वर्तुळं उठली. मी हळहळलो. सुमन शेजारच्या लक्ष्मीअम्माकडे गेली, तिच्याकडून क्रोशाची सुई आणि अर्ध्या हिंदीत विद्या घेऊन आली, आणि पेल्यांखाली घालायला काही विणावं म्हणून मायचं ते फडकं सोडलं.

मी सात पिढ्यांच्या विणकराचा पोरगा. कापड म्हटलं की उभा धागा, आडवा धागा, दोन्ही ताणून धरणारा माग आणि माग चालवताना मोडलेली पाठ. इथं ही बाई दाराच्या चौकटीत बसून, भात शिजतोय का बघत, एका वाकड्या सुईनं एकच धागा त्याच्याच फासातून ओढतेय, आणि तिच्या मांडीवर हिरवा चंद्र वाढतोय! मीही सुई मागून घेतली. तासाभरानं माझी चकती तयार झाली ती नारळाला टोपी म्हणून बरोबर बसली. सुमन म्हणाली, "तुम्ही चिमनीकडंच पाहा."

दिवाळीला तिनं दोन चकत्या मायला पाठवल्या.

पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. बाबा. एकटे. धोतरावर चिमणीची राख पडलेली, खिशात चकती. मला बघून न बघितल्यासारखं करत ते आत आले आणि सुमनला म्हणाले, "पोरी, हा हिरवा माह्या हातचा रंग हाये. हे कापड कोनं इनलं?"

"मीच इनलं मामाजी."

"गोल कापड कोन्या मागावर होते?"

"माग नाही लागत."

बाबांनी माझ्या क्वार्टरच्या भिंतींवर एकदा नजर फिरवली. माग कुठं लपवलाय हे शोधत असावेत.

सुमन चहा टाकायला उठली. अर्धी झालेली चकती सुईतून काढून तिनं टेबलावर ठेवली होती. बाबांनी ती उचलली. विणकर कापड हातात आलं की काय करतो? कडेचा धागा चिमटीत धरून ओढून बघतो, वीण घट्ट आहे की पोकळ. बाबांनी आयुष्यभर हेच केलेलं. त्यांनी ओढला.

सर्रकन एक फेरी गेली. ते घाबरले, आणि घाबरून आणखी ओढलं. दुसरी गेली, तिसरी गेली. बघता बघता त्यांच्या हातात नुसता कुरळा धागा उरला. अख्ख्या मोहल्ल्यात ज्याच्या साडीला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती, तो माणूस सुनेसमोर गुन्हेगारासारखा उभा. आता हे तोंड फिरवून जाणार आणि परत कधी येणार नाहीत, अशी माझी खात्री झाली.

सुमन हसली. "काही नाही झालं मामाजी. आना इकडं." बसली आणि त्याच धाग्यानं सुरू केलं. साखळी, तिचा गोल, गोलात खांबासारखे उभे टाके.

बाबा चक्क फरशीवर बसले, तिच्या बोटांच्या उंचीला डोळे आणून. "हे वाटीसारखं वर काहून नाही येत?"

"दर फेरीले टाके वाढवा लागते. नाही वाढवले त टोपी होते." तिनं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार.

"आन तोडलेला धागा?"

"तोडलाच नाही ना. उसवला, पुन्हा इनला. काही वाया नाही जात."

बाबांनी ती फेरी बोटानं चाचपली. मग हळूच, स्वतःशीच, "एकाच धाग्यात! बापा रे." तेवढं नवल मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चिमणीकडे तर त्यांनी येताना ढुंकूनही बघितलं नसावं.

धागा कुठंतरी गुंतला. बाबांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "पाहून काय राहिला बे? तिले धागा सोडवून दे!"

दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी इतक्या घाईनं धावलो की टेबलाला मांडी आपटली.

आता बदली होऊन परळीत आहे. माझ्या 'करून राहिलो'वर इथले लोक अजून हसतात, आणि सुट्टीत नागपूरला गेलो की तिथले लोक माझ्या 'करतोय'वर हसतात. घरी धाकटा भाऊ माझ्यासाठी सतरंजी अंथरतो, त्याची बायको कपबशीत चहा देते, माय 'थकला असशील' म्हणते. इतका पाहुणचार होतो की मला भीती वाटते. तुमच्यातले जे बाहेर पडले त्यांना ही भीती कळेल.

यंदा निघायच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून बाबांना सांगायला गेलो. ते धाग्याची लड उलगडत होते. मान वर न करता म्हणाले, "धर." मी पिशवी ठेवली, दोन्ही हात पुढे केले, त्यांनी लड माझ्या हातांत अडकवली आणि गुंडाळत राहिले. सावकाश. माझी गाडी कितीची आहे हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ती चुकली.