देवाच्या लाकडाला टेप

"तू नको. टेप त्याच्याकडं दे."

शेठ बोलले तेव्हा मी सागाच्या ओंडक्यावर वाकलो होतो. टेपचा अर्धा वळसा झाला होता. समोर गावचे मानकरी उभे. देवळाच्या नव्या सभामंडपाला खांब हवे होते.

"देवाचं लाकूड हाय रे," मानकरी गोड आवाजात म्हणाले. "राग मानू नको हां."

राग मानू नको म्हणे! हातखंब्याजवळच्या या वखारीत इतकी वर्षं माप मीच घेतो. ओंडक्याचा मध्यावर घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, हिस्स्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. घनफूट निघाले की शेठ भाव लावतात. साऱ्या तालुक्याच्या दारा-खिडक्यांचं लाकूड मी मोजलं. तेव्हा माझी जात कुणाच्या दाराला चिकटली नाही.

टेप खाली ठेवली. दुसऱ्या गड्यानं उचलली. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. माझ्याकडं कुणी बघेना.

माप झालं, सौदा ठरला, ट्रक मागं घेऊन लावला. ओंडके जड. माणसं कमी.

"ए, ये रे इकडं. खांदा दे," शेठनी हाक मारली.

अंगात आगच पेटली.

"नाय देणार," मी म्हणालो. "मोजायला चालत नाय, तो उचलायला बरा चालतो?"

आमच्या बौद्धवाडीतला दादा तिथंच कामाला होता. माझा चुलतभाऊ. जयंतीला सगळ्यात पुढं राहून घोषणा देणारा. त्यानं मान खाली घातली आणि ओंडक्याला खांदा लावला. मानकऱ्यांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. हायवेच्या कडेनं एकटाच घरी आलो. वाटेत रडू आलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी दादा ओट्यावर येऊन बसला. "तुझं खरं हाय रे. पण पोरं हायत ना पदरात? उद्या गपचूप ये."

मी मान हलवून नाही म्हटलं. तो चहा न घेताच गेला.

सकाळी शेठचा फोन. "झालं गेलं सोड. ये कामावर."

"येतो. पण यापुढं देवळाचं लाकूडही मीच मोजणार. मानकऱ्यांसमोर तसं सांगा."

शेठनी फोन कट केला.

बायकोनं काही न विचारता डबा हातात दिला. मी लांज्याच्या एसटीत बसलो. तिथंही वखारी आहेत. प्रत्येक मालकाला आधी एकच विचारणार, देवळाचं लाकूड आलं तर मला बाजूला काढाल का? काढणार असतील तर पुढची वखार. वखारी संपल्या तर दगड फोडीन, पण त्या अटीवर कुणाच्या ओंडक्याला खांदा देणार नाही.