नथीच्या गाण्याचं पुढचं

आमच्या सास्तूरच्या शिवम्माआत्या शहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांना सगळं आठवतं. कुणी कुणाच्या बारशाला विरलेला खण दिला, कुणाच्या म्हशीनं कुणाच्या कडब्यात तोंड घातलं, सगळं साल-वारासकट. आठवत नव्हतं ते एका गाण्याचं पुढचं. नेमकी त्याच गाण्यात त्यांच्या आईची अब्रू गेली होती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आत्यांच्या थोरल्या भावाचं लग्न मुरूमला लागलं. आमच्याकडं लग्नात वरमाईची पंगत बसते. नवऱ्याकडच्या बाया ताटावर, आणि नवरीकडच्या बाया भोवती उभ्या राहून गाण्यातून त्यांची सालटी काढतात. ताटावरच्यांनी गाण्यातूनच उत्तर द्यायचं. त्या दिवशी नवरीची थोरली बहीण नागम्मा पुढं आली आणि सुरू झाली,

"वरमाई आली तोऱ्यात, नाकात नथ डुले,
नथवाली बघा दारात उभी, डोळा तिचा न हले,
सांगा विहीणबाई, नथ कुणाची?"

मांडव हसून वाकला. नथ खरोखरच शेजारणीची होती आणि शेजारीण खरोखरच दारात उभी होती. आमच्या बायांनी माना खाली घालून गव्हाची हुग्गी संपवली. तेव्हापासून ती गोड खीर आत्यांच्या घशाखाली उतरत नाही. दोन वाट्या जेमतेम जातात.

यंदा आत्यांची नात शिवप्रिया नागम्मांच्याच नातवाला द्यायची ठरली. म्हणजे आता ताटावर नागम्मा आणि उभ्या राहून गाणार आत्या. तेच गाणं अख्खं त्यांच्या कानात ओतायचं, असं आत्यांनी ठरवलं. पण तिसऱ्या ओळीपुढं काय होतं?

आधी त्यांनी वहिनीला, म्हणजे तेव्हाच्या नवरीला विचारलं.

"मी नवरी होते वन्सं. नवरीला कान नसतात."

"पन्नास वर्षं झाली, अजून न्हाय फुटले?"

"माहेरापुरते न्हाय."

मग मोबाईलला तोंड लावून गाऊन बघितलं. त्यानं सोनारांचे पत्ते दिले. तुळजापूरच्या आईला नवस बोलून झाला, पण कारण सांगितलं नाही. देवी झाली तरी बाईमाणूस, मुरूमची निघाली तर काय घ्या. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं आणि जुन्या शेजारणी पार विखुरल्या, म्हणून आत्या घराघरांचे नंबर विचारत हिंडल्या. पाच म्हाताऱ्यांनी पाच शेवट सांगितले. एकीनं तर त्यात स्वतःच्या सासूला घालून घेतलं.

शेवटी आत्या मानपान ठरवायचं निमित्त काढून मुरूमलाच, नागम्मांच्या घरी गेल्या. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट असते, तेव्हा शत्रूच्या दारात जायलाही काही वाटत नाही. चहा झाला. आत्यांनी बशी खाली ठेवली.

"विहीणबाई, तेवढं नथीचं पुढचं सांगा."

"पुढचं कसलं?"

"माझ्या आईला आणिक काय काय बोललात ते."

पानाला चुना लावता लावता नागम्मा थांबल्या. "पुढं काय न्हवतंच की. तुमी उत्तर दिलं असतं, तर त्याच्यावर मी पुढचं रचलं असतं. तुमी बसला ताटात तोंड घालून. मग म्या कुणाशी गाऊ, मांडवाच्या मेढीशी?"

आत्यांनी चोपन्न वर्षं ज्या ओळींसाठी स्वतःच्या डोक्याला बोल लावला, त्या कधी जन्मल्याच नव्हत्या. आत्या काहीच विसरल्या नव्हत्या. उत्तर द्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

ते कुठून आलं हे त्यांना आजही सांगता येत नाही, पण नागम्मांच्या ओसरीवर, भर दुपारी, त्यांनी सूर लावला.

"नथ कुणाची पुसू नका, नथ उद्या जाईल,
लेक तुमची आमच्या दारी जन्मभर राहील."

नागम्मांचं पान हातातच राहिलं.

"हे तवाच का न्हाय म्हणालात?"

"तवा बावीस वर्षांची व्हते. अक्कल कुठं व्हती."

नागम्मा पोट धरून हसल्या, डोळे पुसले आणि आत सुनेला हाक मारली, "श्रीदेवी, विहीणबाईंना ताट वाढ."

"आत्ताच चहा झाला की," आत्या म्हणाल्या.

"वाढ म्हणते ना. शेंगाच्या दोन पोळ्या, वर तूप."

ताट आलं. आत्यांनी मांडी घातली, शेंगदाण्याची पोळी मोडली. पहिला घास तोंडात गेला आणि नागम्मांनी उभं राहून घसा खाकरला.