गुलाबाच्या वासातली सुनावणी
आज कोर्टात कुणीतरी गुलाबाचा रूम फ्रेशनर मारला आणि मला सिल्वासाजवळचा तो मांडव आठवला. रंगाच्या एका कंपनीला कारखाना वाढवायचा होता म्हणून सरकारी जनसुनावणी होती, आणि आम्ही लॉचे विद्यार्थी गावकऱ्यांच्या मदतीला गेलो होतो. मागच्या नाल्यातल्या कारखान्याच्या पाण्याची घाण जाणवू नये म्हणून कंपनीने आदल्या दिवसापासून काम बंद ठेवलं होतं, वर मांडवभर गुलाबाचा फवारा. नाल्याकाठची एक बाई उठून म्हणाली, "साहेब, आज वास नाय येत. मग सुनावणी रोजच ठेवा ना." सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांसकट सगळे हसले. शेवटी नियमाप्रमाणे कामकाजाची नोंद वाचून दाखवली, तर त्यात बाईंचं वाक्यच नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "ते लिहा." साहेब म्हणाले, "अरे बेन, तो विनोद होता." "तुम्ही हसलात, म्हणजे ऐकलंत. आता लिहा." माझे पप्पा त्याच कंपनीत फिटर. मागच्या रांगेतून ते हातानं 'बस, बस' खुणावत होते. पण त्यांचे कपडे धुताना आई नाक दाबायची, ते मी रोज बघत होते. मी उभीच राहिले, वाक्य लिहून होईपर्यंत. आज माझ्या साक्षीदाराचं एक वाक्य नोंदीतून सुटत होतं, म्हणून मी उठले. न्यायाधीश मला म्हणाले, "बसा." मी म्हटलं, "बसते, आधी नोंद होऊ द्या."