सुमनआत्याची ‘काहून’ वही

सुमनआत्या गेल्याची बातमी मला फोनवरून, माणसाच्या आवाजात कळली. हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली अशी बातमी ग्रुपवर येते आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. आत्याला त्याचा भारी राग होता. तिनं दोन वर्षांपूर्वीच एका कागदावर सात नावं लिहून तो कागद बाबांच्या पाकिटात ठेवून दिला होता. मी गेले की एकानं दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. लिहून पाठवायचं नाही, समोरच्याचा आवाज ऐकायचा आणि तो सावरला की मगच फोन ठेवायचा, असा तिचा नियम. पहिलं नाव बाबांचं, म्हणजे तिच्या भावाचं. दुसरं माझं. मी नवा रायपूरच्या ऑफिसात होते. बाबा म्हणाले, "सुमन गेली, पोरी… सकाळीच. झोपेतच." मी सावरेपर्यंत त्यांनी फोन धरून ठेवला. मग तेच म्हणाले, "आता तू भाऊरावले लाव."

भाऊरावकाका म्हणजे आमच्या विहाराचे सचिव. त्यांचं आणि आत्याचं किती वाजलं होतं ते सगळ्या समाजाला ठाऊक. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी एवढंच विचारलं, "ताईनं माह्यं नाव ठेवलं होतं यादीत?" मी हो म्हटलं. साठी ओलांडलेला, सभेत माईक न सोडणारा तो माणूस फोनवर रडला, आणि नियमाप्रमाणे मी ऐकत थांबले. आज पाच आठवडे झाले, तरी मला वाटतं की त्या फोनांत आत्या जेवढी होती तेवढी कुठल्याच श्रद्धांजलीत मावली नसती.

ती रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर होती. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरातल्या मुलींपैकी सरकारी नोकरी करणारी ती पहिली. खिडकीवर कॉम्प्युटर आले तेव्हा ऑफिसातली निम्मी माणसं आजारी रजेवर गेली म्हणे; आत्यानं मात्र डब्बा खाता खाता कीबोर्ड पाठ केला आणि वर्षभरानं तीच इतरांना शिकवत होती. यंत्राला ती कधी भ्यायली नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी तिला जुन्या वळणाची समजेल. तिची खोड वेगळीच होती. फॉर्म घेऊन पुरुष यायचा, बायकोचं वय सांगायचा. बायको शेजारीच उभी. आत्या काचेच्या भोकाशी वाकून त्या बाईलाच विचारायची, "तुमचं वय काय जी? अन् खालचा बर्थ पायजे का वरचा?" मागच्या रांगेत चुळबुळ व्हायची. साहेबानं एकदा समज दिली. आत्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

लग्न केलं नाही. रायपूरच्या तात्यापारा वस्तीत एका साडीच्या दुकानाच्या माथ्यावर दोन खोल्या, तिथंच शेवटपर्यंत राहिली. निवृत्तीनंतर स्मार्टफोन घेतला आणि त्याच आठवड्यात एक जाड रजिस्टर. रेल्वेची सवय, रकाने आखल्याशिवाय तिला विचारच करता येत नसे. कोणी मागितलं, काय मागितलं, काहून म्हणजे कशासाठी, निर्णय… असे चार रकाने. फोनमधल्या टॉर्चनं तिचे कॉन्टॅक्ट मागितले: ‘काहून’ रिकामं, निर्णय ‘नाही’. पंचांगाच्या अ‍ॅपनं माइक मागितला: नाही. नकाशानं ठिकाण मागितलं: ‘रस्ता दाखवायले’, निर्णय ‘हो, जातानाच’. चपलांच्या दुकानात पोट्ट्यानं बिल करताना नंबर विचारला तर हिनं शांतपणे ‘सात’ सांगितलं. तो म्हणाला, मोबाईल का नंबर, मॅडम. तर म्हणे, मोबाईल घालून चालायचं नाही ना मला. धुण्याचं यंत्र घ्यायला तिच्याबरोबर मी गेले होते. विक्रेत्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की हे वायफायला जोडता येतं. आत्यानं त्याला तासभर बसवून विचारलं की कपडे धुतल्याची बातमी नेमकी जाते कोणाकडे. बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. आम्ही साधं यंत्र घेऊन आलो आणि मी रस्ताभर तिच्यावर चिडत आले.

चिडत होते ती हिंदीत. आमच्या पिढीचं हे असंच. आत्या मराठीत बोलायची, मी हिंदीत उत्तर द्यायची. आज हे मराठीत लिहिते आहे तेही तिनंच पाठीमागे लागून शिकवलं म्हणून. त्या दिवशी मी म्हटलं होतं, "आत्या, सब लोग ओके दबाते हैं." आणि मी कोणाला सांगत होते? मी अ‍ॅपच बनवते. ओके कुठं ठेवायचं, केवढं ठेवायचं, ‘नाही’ किती फिकट करायचं म्हणजे बोट तिकडं जाणार नाही, हा माझा धंदा. आत्या म्हणाली, "सब लोक म्हणजे कोण? नावं सांग."

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले. विहारासाठी मी एक अ‍ॅप बनवलं होतं. आपल्या लोकांची यादी. कोण कुठं राहतं, काय शिकलं, कुठं नोकरीला आहे, लग्नाचं कोणी आहे का. पूर्वी हे सगळं भाऊरावकाकांच्या डायरीत असे. मी चार महिन्यांच्या सगळ्या सुट्ट्या त्यात घातल्या आणि मला त्याचा फार अभिमान होता. नोंदणी सोपी व्हावी म्हणून कुटुंबामागे एक खातं ठेवलं: घरातला कर्ता माणूस सगळ्यांची माहिती भरणार आणि शेवटी एकदा ‘सहमत’ दाबणार. यात काही चुकतंय असं ना मला वाटलं, ना समितीला. आमच्यात फॉर्म म्हटलं की बापच भरतो.

रविवारी वंदनेनंतर काकांनी भिंतीवर पडदा लावून अ‍ॅप दाखवलं. नमुना म्हणून आमचंच कुटुंब उघडलं. बाबा, आई, मी, आणि खाली ‘बहीण: सुमन, अविवाहित’. मग वय, तात्यापाऱ्याचा पत्ता, फोन. टाळ्या सुरू होत्या. आत्या मागच्या सतरंजीवरून उठली आणि तिनं विचारलं, हे कोणी भरलं? बाबा मान खाली घालून म्हणाले, मी. ती त्यांना एवढंच म्हणाली, "माह्यं ‘हो’ तू काहून म्हटलं?" लोक हसले. काका समजूत घालत म्हणाले, "ताई, आपलेच तर लोक आहेत."

"आपलेच आहेत, तर विचाराले काय झालं?"

मग आत्या म्हणाली, माझं नाव काढा. मी पुढं होऊन हळूच सांगितलं की एकट्याचं नाव काढता येत नाही, खातं कुटुंबाचं आहे, काढलं तर सगळ्यांचंच निघेल. तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं अजून आठवतं. "तू शिकली, नोकरी करून राहिली. अन् तुयं ‘हो’ तुया बापानं म्हटलं. तुले चाललं?" समितीनं हात वर करून ठराव केला, अ‍ॅप सुरू झालं, आत्याचं नाव आमच्या नावांखाली तसंच राहिलं. मी पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाही. लोकांसमोर माझी शोभा केली, एवढंच डोक्यात होतं.

महिन्याभरात प्रणालीचं प्रकरण घडलं. प्रणाली म्हणजे उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या आमच्या समाजातल्या एका माणसाची मुलगी. बुढापाऱ्याजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. वडिलांनी यादीत सगळं भरलं होतं, लॅबचा पत्तासुद्धा. एका दुपारी तीन माणसं लॅबमध्ये आली, मुलगा, त्याची आई आणि मावशी. तपासणी काहीच करायची नव्हती. त्यांनी समोरच्या बाकावर बसून तासभर तिला पाहिलं, तिच्या साहेबांना तिच्या स्वभावाविषयी विचारलं, तिला उभं राहायला सांगून उंची पाहिली. वाईट हेतू नव्हता. त्यांना वाटलं, यादीत आहे म्हणजे मुलगी तयारच आहे. पुढचे चार दिवस प्रणाली कामावर गेली नाही. तिनं मला फोन करून विचारलं, "दीदी, मेरा नाम किसने डाला?" मला म्हणता आलं असतं की तुझ्या वडिलांनी. पण वडिलांना ती जागा मी करून दिली होती.

मी तडक तात्यापाऱ्यात गेले. वाटलं होतं, आत्या म्हणेल, सांगितलं होतं ना. तिनं ते कधीच म्हटलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. माझ्या मते तिचा मोठेपणा बाकी कशाहून जास्त यात होता. तिनं चपला घातल्या आणि मला घेऊन ऑटोनं उरल्याला गेली. तिथं प्रणालीच्या वडिलांना ती काही बोलली नाही. मला म्हणाली, तू सांग, चूक तुझी आहे. मी सांगितलं. त्या घरात चुलीजवळ बसून माफी मागताना मला इतकं कानकोंडं झालं की काय सांगू, आणि आत्या माझ्या शेजारी ताठ बसून होती.

अ‍ॅप मी बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं. यावेळी आत्या तपासनीस. दर शनिवारी मी तिच्याकडे जायची, ती पोहे करायची आणि चष्मा लावून एकेक पान पाहायची. प्रत्येक मोठ्या माणसाचं खातं वेगळं. नाव, फोन, पत्ता, नोकरी, प्रत्येकाला वेगळं विचारायचं. हो आणि नाही एकाच मापाचे, एकाच रंगाचे. पहिल्या खेपेला मी सवयीनं ‘नाही’ जरा फिकट ठेवलं होतं. तिनं कंपासमधली पट्टी आणून स्क्रीनवर लावली. "हे काहून मरतुकडं?" विचारलं आणि मला दुरुस्त करायला लावलं. एक नियम तिचाच: ज्याचं नाव, त्यालाच ते काढता येईल, यादीत नंबर दिसत नसला तरी त्याच्याच फोनवर आकडा, म्हणजे ओटीपी, जाईल, तो टाकल्याशिवाय कोणीही काढू शकणार नाही. समितीही नाही, बापही नाही. भाऊरावकाका कुरकुरले, कारण यादी एकदम रोडावली. मग हळूहळू मुलींची नावं येऊ लागली, त्यांनी स्वतः टाकलेली. प्रणालीनं सहा महिन्यांनी टाकलं. पत्ता: नाही. फोन: नाही. नोकरी: हो, मोठ्या पदावर गेली होती ना ती तोवर. आत्यानंही एका रविवारी सगळ्यांसमोर स्वतःचं नाव टाकलं. फक्त ‘सुमन’. बाकी सगळ्याला नाही. काका म्हणाले, मग ताई, यादीत येऊन काय उपयोग? ती म्हणाली, विचारलं म्हणून आली.

माझ्या कंपनीत आता नवी मुलं येतात, त्यांना मी ही पट्टीची गोष्ट सांगते. मोठमोठ्या परिषदांमध्ये माणसाच्या संमतीवर तासन्‌तास बोलतात. मी ती तात्यापाऱ्यात, साडीच्या दुकानाच्या माथ्यावर शिकले आणि शिकवणारी माझी सख्खी आत्या होती, हे सांगताना माझा ऊर भरून येतो. अंत्ययात्रेला तिला खांदा द्यायला प्रणाली पुढं झाली. कोणीतरी म्हणालं, मुली कशाला. प्रणालीनं त्यांच्याकडे पाहून विचारलं, "काहून?" तिच्या तोंडून मराठी शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग खांदा द्यायला आम्ही चौघी होतो.

आत्याचा फोन आता आमच्या घरी आहे, बाबांच्या खोलीत. चालू आहे, पण कुलूप कोणालाच उघडता येत नाही आणि मी उघडायचा प्रयत्नही केला नाही. बाबा तरी तो रोज सकाळी चार्जिंगला लावतात. कशाला, ते मी विचारलेलं नाही. गेल्या रविवारी भाऊरावकाकांचा फोन आला. संकोचून म्हणाले की यादीत ताईचं नाव अजून दिसतं, लोक विचारतात, काढून टाकशील का. मी लॅपटॉप उघडला, तिच्या नावासमोर ‘काढा’ दाबलं. आणि शेजारच्या खोलीत टिंग झालं.

मी धावत गेले. बाबा फोन हातात घेऊन उभे होते. पडद्यावर एवढंच होतं: एक नवा संदेश. आकडा दिसत नव्हता. कुलूप असताना संदेशातलं काही दिसू द्यायचं नाही, हे तिनं स्वतः लावून ठेवलं होतं. त्याची नोंद रजिस्टरात आहे. मला मागच्या बाजूनं, आकड्याशिवायही ते नाव काढता आलं असतं, अ‍ॅप माझंच आहे. काकांना मी सांगितलं की तिला विचारलं आहे, उत्तर आलेलं नाही. "मंग राहू दे," ते म्हणाले.

रजिस्टरात मी पुढची ओळ भरली. कोणी मागितलं: समिती. काय: नाव काढणं. काहून: ती गेली म्हणून. निर्णयाचा रकाना तिचा आहे, त्यात मी काही लिहिलं नाही. बाबांनी विचारलं, कोणाचा मेसेज होता? मी म्हटलं, माझाच, तिला काहीतरी विचारत होते. त्यांनी मान हलवली आणि फोन पुन्हा चार्जिंगला लावला.