निमंत्रक भीमाबाई

दीक्षाच्या लग्नपत्रिकेवरून तिच्या आईचं नाव मी उडवलं. मुद्दाम नाही, पण हे भीमाबाईला सांगून पाहा.

महाल भागात शोभाताईंच्या दुकानात मी पत्रिका आणि बॅनर बनवतो. भिवापूरच्या शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला आम्ही बहुतेक धूळच पुसायचो. इथं मात्र मला इंजिनियर समजतात, आणि त्या समजाला मी कधी धक्का लावला नाही. डिझाइनचं सॉफ्टवेअर अपग्रेड करायला मला कोणीच सांगितलं नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज आठवण यायची, एकदाची कटकट जाईल म्हणून दाबलं. फायलींवरची रंगीत चिन्हं गेली, पांढरी कोरी पानं उरली. पत्रिकेवर क्लिक करावं तर विचारतं, कशात उघडू? अरे बाबा, कालपर्यंत तुझ्यातच उघडत होती. समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं. माझं डोकं फिरलं. फोल्डरमधल्या जेवढ्या प्रकारच्या फायली पांढऱ्या दिसल्या, त्या प्रत्येकीला मी बजावलं की यापुढं नेहमी यातच उघडायचं. सगळं रंगीत झालं. मी खुशीत चहा मागवला.

घोळ तिथंच झाला. आपण फायलीत बदल केला की हे सॉफ्टवेअर आधीची प्रत त्याच नावानं बाजूला जपून ठेवतं. फरक फक्त नावाच्या शेपटीत, आणि आमच्या कॉम्प्युटरवर ती शेपटी लपवलेली. आधी या जुन्या प्रती पांढऱ्या दिसायच्या, म्हणून त्यांना कोणी हात लावत नसे. मी त्यांनाही रंग फासला. ‘दीक्षा रामटेके’ नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी, अगदी सारख्या. मी वरची उघडली आणि छापायला धाडली. ती जुनी होती.

जुन्या फायलीत मजकूर होता नत्थूभाऊंचा. हे भीमाबाईचे थोरले दीर, राहणार कळमेश्वर. त्यांनी लिहून आणलं होतं: निमंत्रक, नत्थू रामटेके. त्याखाली दीक्षाचे बाबा, कालकथित धम्मानंद. भीमाबाई कुठंच नाही. ‘समस्त रामटेके परिवार’ मध्ये काय असेल ती.

धम्मानंद गेले तेव्हा दीक्षा पाळण्यात होती. भीमाबाई तेव्हापासून कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडते. मिरची पुष्कळदा माझ्याच गावाकडची. संध्याकाळी घरी आली की बोटांची आग जाईपर्यंत हात ताकात बुडवून बसायची. त्या हातांनी लेकराला घास भरवता येत नसे, म्हणून दीक्षा फार लवकर स्वतःच्या हातानं जेवायला शिकली. आता ती नर्स आहे. नत्थूभाऊ नामकरणाला आले होते, त्यानंतर थेट पत्रिकेला.

त्यांचा मजकूर कळला तशी भीमाबाई बाजारातून तडक दुकानात आली होती. निमंत्रक मी, लिव, एवढंच म्हणाली. मी लिहिलं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, मगच गेली. मला वाटलं, काय ही बाई, एका ओळीसाठी.

पत्रिका छापून आल्या तेव्हा एक गठ्ठा नत्थूभाऊ आधीच घेऊन गेले. दुसरा भीमाबाईनं नेला आणि तासाभरात परत आणला. ओरडली नाही. एक पत्रिका माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “वाच.”

मी वाचलं. मग घसा साफ केला आणि म्हणालो, मावशी, कॉम्प्युटरनं केलं.

“कॉम्प्युटरनं? नत्थूनं चहा पाजला का त्याले?”

तिनं नत्थूभाऊंच्या नावावर बोट ठेवलं.

“माह्या पोरीच्या लग्नाले हा बोलावून राहिला लोकायले. काहून गा? मी काय पाहुणी हाव?”

शोभाताईंनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुन्हा छापून देऊ, असं त्या भीमाबाईला म्हणाल्या. ती हलली नाही. माहं नाव गेलं कुठं ते आधी दाखव, म्हणाली, आणि स्टूल ओढून माझ्या पाठीमागं बसली. मी लपवलेल्या शेपट्या उघड्या केल्या. दोन नावं वेगळी दिसायला लागली. खरी फाइल सॉफ्टवेअरला जोडलेलीच ठेवली, जुन्या प्रतींचं नातं तोडून त्यांना पुन्हा पांढरं केलं. खरी उघडली. निमंत्रक, भीमाबाई धम्मानंद रामटेके.

“हे एवढंच होतं?” तिनं विचारलं.

हो म्हणालो.

“भिवापूरचा हायस म्हून वाटलं तिखट अशीन. तू तं नुसता देठ निंघाला.”

शोभाताई हसल्या. भीमाबाई नाही. नव्या पत्रिका छापून येतील तेव्हा येतील, आधी कळमेश्वरच्या पत्रिका परत आण, वाटायच्या आत, असं तिनं बजावलं. एकही त्याच्या घरात राहायला नको.

मी गाडीला किक मारली. वाटेत सॉफ्टवेअरवर चिडलो, नत्थूभाऊंवर चिडलो, स्वतःवर सगळ्यात शेवटी. नत्थूभाऊंनी गठ्ठा अजून वाटायला घेतला नव्हता, फक्त वरची एक काढून शोकेसच्या काचेत खोचली होती, नाव दिसेल अशी. गठ्ठा त्यांनी दिला. काचेकडं मी बोट दाखवलं.

“राहू दे गा एक,” ते म्हणाले. “भाऊ तं माहाच होता ना?”

तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा मागणं मला जमलं नाही.

मी परतल्यावर भीमाबाईनं दुकानातच गठ्ठा मोजला, एक कमी भरली, आणि मी कुठं हरलो ते विचारलंही नाही. लग्न झोकात झालं. दारात उभं राहून तिनं प्रत्येकाला नावानं बोलावलं, नत्थूभाऊंनाही, पाहुण्यासारखं.

आजही बाजारातून येताना ती आमच्या दुकानासमोर थांबते. आत येत नाही. बाहेरूनच विचारते, कळमेश्वरले गेलता का?

मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसतो.

“एक बाकी हाय तुह्याकडं,” म्हणते, आणि पुढं जाते.